जाळें ओढणारी कप्पी व पेटंटाचा हक्क

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा समुद्राशीं फारसा संबंध येत नाहीं. तथापि ह्या अंकीं मासेमारीच्या एका यंत्राची हकीकत सविस्तर देण्याचें योजिलें आहे. कारण त्या हकीकतींतील प्रश्न आपल्या गांवच्या लोहार-सुतारापुढें व स्वतःच्या हातानें अवजार सुधारणाऱ्या शेतकऱ्यापुढेंही उभा असतो. एकाद्यानें चार हंगाम खर्चून पाभरीचा नवा फण किंवा कोळप्याची नवी जोडणी साधली, बाजाराच्या दिवशीं ती दहा जणांनीं पाहिली, आणि पुढील हंगामांत ती दहा गांवीं झाली. मूळ कर्त्याच्या हातीं मात्र कांहींच आलें नाहीं, असें नेहमीं घडतें. ह्यास चोरी म्हणवत नाहीं. परंतु पुढच्या वेळीं तो मनुष्य पुन्हां चार हंगाम खर्च करील काय, हा प्रश्न राहतोच.

पेटंट म्हणजे शोधकास सरकारनें दिलेली मुदतबंद सनद होय. ती असेपर्यंत त्याच्या संमतीवांचून ती वस्तु दुसऱ्या कोणास करतां, वापरतां किंवा विकतां येत नाहीं. मोबदल्यांत शोधकानें आपली युक्ति, त्या कामांतील जाणत्या मनुष्यास ती करतां येईल इतक्या स्पष्टपणें, लिहून द्यावी लागते. व मुदत संपली कीं ती सर्वांची होते. हा सौदा मासेमारीच्या सामानाचा धंदा करणारांस इतका महत्त्वाचा कां वाटतो, हें पाहूं.

थैलीजाळें, ज्यास कोंकणच्या किनाऱ्यावर आतां पर्ससीन असेंच म्हणतात, तें माशांच्या थव्याभोंवतीं भिंतीसारखें उभें सोडतात. वरच्या कडेस तरंगणारीं बुचें असतात, खालच्या कडेस शिशाचीं वजनें व कड्या. कड्यांतून ओवलेला दोर ओढला म्हणजे बटव्याचें तोंड आवळावें तसा जाळ्याचा तळ मिटतो. हा दोर विंचानें ओढीत. परंतु खरी मेहनत त्यापुढें असे. शेंकडों वांव लांबीचें तें ओलें जाळें, हलत्या नौकेवर, सर्व माणसांनीं मिळून हातानें वर घ्यावें लागे. मालवणाकडे रापण ओढतांना पुष्कळ माणसें दोन्ही दोरांस लागतात, पण तेथें निदान पायाखालीं वाळू असते. भर समुद्रांत वारा उलटला, जाळें नौकेखालीं गेलें किंवा मासा जड झाला, तर दिवस वायां जाई आणि जाळेंही फाटे. दिवसाकाठीं जाळें किती वेळां टाकतां येईल हें माशांवर नव्हे, तर माणसांच्या दंडांवर अवलंबून राही.

ही अडचण मारियो प्युरेटिक नांवाच्या कोळ्यानें सोडविली. तो मूळचा क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळील ब्राच बेटाचा. पुढें अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या सान पेद्रो बंदरांतून मासेमारी करूं लागला. त्याची युक्ति ऐकावयास अगदीं साधी आहे. नौकेच्या आडव्या दांड्याच्या टोंकास एक मोठी कप्पी टांगावयाची. तिची खांच अरुंद होत गेलेली व रबरानें मढविलेली. आणि ती कप्पी यंत्राच्या जोरानें फिरवावयाची. बुचांसकट सारें जाळें एका जाड पेंढीसारखें गोळा होऊन त्या खांचेवरून जातें. मोटेच्या विहिरीवरील चाक ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें चित्र सहज समजेल. भेद इतकाच कीं, मोटेचें चाक नाड्यानें फिरे, येथें चाक जाळ्यास ओढतें. खुबी अशी कीं, जाळें जितकें जड, तितकें तें आपल्याच भारानें खांचेंत रुतून बसतें व पकड वाढते. खालीं उभ्या असलेल्या माणसांना उतरणारें जाळें नीट रचून घेण्याचें काम तेवढें उरतें. प्रथम ही कप्पी विंचावरील दोरानें फिरवीत; पुढें तेलाच्या दाबानें चालणारी झाली. तिला पॉवर ब्लॉक म्हणतात.

प्युरेटिक हा कोळी होता, कारखानदार नव्हता. त्याच्याजवळ ओतशाळा नव्हती, लेथ नव्हता, विक्रीची व्यवस्था नव्हती. १९५३ सालीं सिॲटल येथें निघालेल्या मरीन कन्स्ट्रक्शन अँड डिझाईन कंपनीनें, म्हणजे मार्कोनें, हें यंत्र करण्याचें अंगावर घेतलें. अमेरिकन पेटंट १९५६ सालीं मंजूर झालें. त्या वेळच्या तेथील कायद्याप्रमाणें मुदत मंजुरीपासून १७ वर्षें, म्हणजे १९७३ पर्यंत होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सामन माशाच्या नौकांनीं कप्पी थोड्याच वर्षांत उचलली. १९६० च्या सुमारास ट्यूनाच्या ज्या नौका बांबूच्या काठीनें एकेक मासा वर उडवीत असत, त्यांपैकीं बहुतेक थैलीजाळ्याकडे वळल्या. ह्याचें श्रेय एकट्या कप्पीस देणें मात्र बरोबर नाहीं. त्याच सुमारास सुताचें जाळें जाऊन नायलॉनचें आलें. तें हलकें, बळकट व न कुजणारें. (कापूस पिकविणारांनीं हेंही ध्यानांत ठेवावें, कीं जाळ्यांच्या सुताचें एक जुनें गिऱ्हाईक असें हातचें गेलें, आणि नायलॉनच्या धाग्याचेंही १९३८ सालचें पेटंटच होतें.)

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. रंगाच्या कारखानदारास आपली कृति कुलपांत ठेवतां येते. मासेमारीचें यंत्र डेकवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतें. शेजारच्या नौकेवरील मनुष्य एक दुपार पाहून ती युक्ति घेऊन जातो, आणि बंदरावरचा कोणताही चांगला लोहार तिची नक्कल करूं शकतो. नक्कल करणारास खर्च येतो तो फक्त लोखंडाचा. मूळ कर्त्यास मात्र रबर निसटलेल्या, दोर तुटलेल्या, जाळें फाटलेल्या सर्व अपयशांचा खर्च सोसावा लागलेला असतो. आणि समुद्रावरील प्रयोग म्हणजे हंगामाचे बुडालेले दिवस. शिवाय गिऱ्हाइकें मोजकीं. कापडाप्रमाणें लाखों लोकांस माल खपवून थोडथोड्या नफ्यानें खर्च भरून काढण्याची सोय ह्या धंद्यांत नाहीं. पहिलीं दोनतीन वर्षें हातचीं गेलीं, कीं प्रत्येक नौकेवर कोणाची ना कोणाची कप्पी बसलेली असते व बाजार संपतो. पेटंट नसतें, तर कारखानदारानें एका कोळ्याच्या कल्पनेवर सांचे करून भांडवल कां घालावें, ह्यास समाधानकारक उत्तर देतां आलें नसतें. आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. ही कप्पी माणसांच्या डोक्यावर टांगलेली असते आणि तिच्यावरून खंडोगणती भार जातो. हलक्या ओतकामाची नक्कल तुटली तर मनुष्य मरतो. कोणी करावी व कशी करावी हें ठरविण्याचा हक्क एकाच्या हातीं असला, तर जबाबदारीही त्याच्याच माथीं बसते.

परंतु हक्क मिळाला म्हणजे पैसा मिळाला, असें मुळींच नाहीं. ह्याचें उदाहरण आपल्या कपाशीच्या धंद्यांतीलच आहे. इलाय व्हिटनी ह्यास सरकी काढण्याच्या यंत्राचें पेटंट १४ मार्च १७९४ रोजीं मिळालें. त्यानें व त्याचा भागीदार मिलर ह्यानें ठरविलें कीं, यंत्र विकावयाचें नाहीं. शेतकऱ्यांचा कापूस आपणच पिंजून द्यावयाचा व पांचांतील दोन भाग आपण ठेवावयाचे. शेतकऱ्यांस हें खपलें नाहीं, आणि आमच्या मतें खपण्यासारखें नव्हतेंच. यंत्र साधें होतें. गांवोगांवच्या कारागिरांनीं तें केलें. व्हिटनीनें दावे लावले, तर १७९३ च्या कायद्याची शब्दरचनाच लंगडी निघाली. ती १८०० सालीं सुधारली गेली. जॉर्जियांत त्याच्या बाजूनें भक्कम निकाल लागला तो १८०७ सालीं, आणि तेव्हां १४ वर्षांची मुदत संपत आली होती. साउथ कॅरोलायना संस्थानानें हक्काबद्दल ५०,००० डॉलर कबूल केले, पण दाव्यांच्या खर्चापुढें त्याचें फारसें कांहीं उरलें नाहीं. व्हिटनी व प्युरेटिक ह्या दोघांच्या नशिबांतील फरकाचें एक कारण आमच्या समजुतीप्रमाणें हें आहे: एकानें पिकांत वांटा मागितला, दुसऱ्याचें यंत्र पैसे टाकील त्या नौकेस विकत मिळत होतें. ज्या हक्काची किंमत गिऱ्हाइकास परवडते, तो मोडण्याचा मोह कमी होतो.

समुद्रावर आणखी एक अडचण आहे. पेटंट ज्या देशाचें, त्याच देशांत तें चालतें; नौका तर देशोदेशीं फिरते. ॲल्सिओन नांवाचें एक फ्रेंच गलबत बॉस्टन बंदरांत आलें असतां, त्याच्या शिडाच्या दांड्याची रचना आपल्या पेटंटांतील आहे असा दावा ब्राऊन नांवाच्या अमेरिकनानें लावला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८५७ सालीं तो फेटाळला. परदेशीं बांधलेलें गलबत व्यापारासाठीं तात्पुरतें बंदरांत आलें, तर त्याच्या सामानास हा हक्क लागू पडत नाहीं, असा तो निकाल. आपल्या १९७० च्या कायद्याच्या ४९ व्या कलमांतही परदेशी जहाजांस, त्यांच्या देशानें आपल्या जहाजांस तशीच सवलत दिली असल्यास, अशी मोकळीक आहे. म्हणून जाळ्यांचीं यंत्रें करणारे लोक, जेथें नौका बांधल्या व विकल्या जातात अशा प्रत्येक देशांत निराळा अर्ज करतात. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आंत दुसऱ्या देशीं अर्ज केल्यास पहिलीच तारीख धरली जाते. हिंदुस्थान ह्या करारांत १९९८ सालीं आला.

पेटंट म्हणजे वापराचा परवानाही नव्हे. पॉवर ब्लॉक व माशांचा थवा दाखविणारीं ध्वनियंत्रें ह्यांच्या जोरावर नॉर्वे व आइसलंड येथील नौकांनीं हेरिंग मासा इतका काढला, कीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो साठा कोसळला व आइसलंडचीं हेरिंगवर जगणारीं गांवें ओस पडलीं. पेटंट कर्त्याच्या हक्काचें रक्षण करतें, माशाचें करीत नाहीं. त्यासाठीं निराळे कायदे लागतात. महाराष्ट्र सरकारनें १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालीं ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं पर्ससीनवर कडक निर्बंध घातले, आणि २०१७ सालीं केंद्र सरकारनें एल.ई.डी. दिव्यांच्या साहाय्यानें होणारी मासेमारी बंद केली. एकाद्या दिव्याच्या युक्तीचें पेटंट कोणाजवळ असलें, तरी त्या बंदीपुढें तें चालणार नाहीं.

आतां आपल्या वाचकांच्या उपयोगाचें. आपल्या देशांत मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें आहे. शेतकीची किंवा बागाइतीची पद्धति, म्हणजे पेरण्याची अथवा पाणी देण्याची रीत, पेटंटास पात्र नाहीं. कायद्याच्या तिसऱ्या कलमांत तें स्पष्ट आहे. अवजार मात्र पात्र आहे. बियाण्याच्या वाणांसाठीं २००१ चा निराळा कायदा आहे, त्याचा विचार येथें नको.

सर्वांत मोठी चूक होते ती अर्जापूर्वीं वस्तु प्रसिद्ध करण्याची. प्रदर्शनांत मांडली, वर्तमानपत्रांत छापली किंवा विकली, कीं ती नवी राहिली नाहीं असें धरतात व हक्क जातो. ह्यास दोन अपवाद कामाचे आहेत. केंद्र सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या प्रदर्शनांत मांडल्यास त्यापुढें १२ महिन्यांच्या आंत अर्ज करतां येतो. तसेंच जी वस्तु उघड्यावरच चालवून पाहावी लागते, तिचा निव्वळ परीक्षेपुरता उघड वापर अर्जापूर्वीं वर्षाच्या आंत झाला असेल तर त्यानें बाध येत नाहीं. नांगर व जाळें ह्या दोघांसही हें लागू पडतें. मात्र त्या वापराचीं टिपणें तारीखवार ठेवावीं, आणि परीक्षेच्या नांवाखालीं विक्री करूं नये.

युक्ति पुरी झालेली नसली तरी तात्पुरतें वर्णन देऊन अर्जाची तारीख मिळवितां येते; पूर्ण वर्णन १२ महिन्यांच्या आंत द्यावें लागतें. एकट्या व्यक्तीस संगणकाद्वारें अर्जाची फी १,६०० रुपये पडते. परीक्षेची फी निराळी, आणि वर्णन लिहिणाऱ्या जाणकाराचें वेतन ह्याहून बरेंच अधिक होतें. तें वांचविण्याच्या भरांत हक्काचीं कलमें सैल लिहिलीं, तर शेजारी एक खिळा बदलून सुटतो. महाराष्ट्र व गोवा येथील अर्ज मुंबईच्या कचेरीकडे जातात. मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनची फी दरसाल भरावी लागते. ती चुकली कीं हक्क बुडतो. आणि ज्यांस स्वतः अर्ज करावयाचा नाहीं, त्यांनींही मुदत संपलेल्या पेटंटांचीं वर्णनें आकृत्यांसह पाहावीं. तीं कोणासही फुकट वाचावयास मिळतात, व त्यांवरून यंत्र करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.