जातिवंत कुत्र्यांचा जमाखर्च

मुधोळ हे नाव आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ते महाकवी रन्नाचे गाव म्हणून ठाऊक आहे, तर मराठी घरांतून घोरपडे संस्थानिकांचे गाव म्हणून. पण या दोन्ही भाषांच्या पलीकडे मुधोळची कीर्ती नेली ती तेथील शिकारी कुत्र्याने. त्या कुत्र्याच्या निमित्ताने मला जमाखर्चाचा एक धडा वर्गाबाहेर शिकायला मिळाला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुधोळ तालुक्यात मामांच्या गावी गेलो होतो. त्यांच्याकडे चंद्री नावाची दोन वर्षांची मुधोळ कुत्री आहे आणि तिच्याच वेतातला वाघ्या नावाचा कुत्रा आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जिकडेतिकडे नफाच दिसतो! मी वही काढली. कुत्री घरची, कुत्रा घरचा. सहा पिल्ले धरली, प्रत्येकी आठ हजार रुपये धरले, म्हणजे जमा अठ्ठेचाळीस हजार. खर्च जवळजवळ नाहीच. मामांनी हिशेब पाहिला आणि म्हणाले, "तुझी बेरीज बरोबर हाय रे, पण नावे बाजू कोरीच ठेवलीस की!"

मग त्यांनी सांगितले ते असे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हेच केले होते. सख्ख्या भावंडांची जोड लावली. सात पिल्ले झाली. दोन आठवड्यांत तीन गेली. चौथ्याचे डोळे उघडले, पण त्याला दिसत नव्हते. उरलेली तीन विकली. त्यांतले एक गावातल्या शिक्षकांनी आपल्या मुलीसाठी नेले होते. ते पाचव्या महिन्यात झटके येऊन मेले. मामांनी पैसे परत केले. "पैसे परत देता आले," मामा म्हणाले, "पण ती पोर अजून आमच्या दारावरनं जाताना कुत्र्याकडं बघत न्हाई."

एका वेतावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून परत आल्यावर मी प्राणिशास्त्राच्या मित्राकडून आनुवंशिकतेचे प्रकरण समजावून घेतले. ते आपल्या व्याजाच्या गणिताहून अवघड नाही.

नात्याचे गणित

प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणासाठी दोन जनुके मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. पुष्कळसे दोष असे असतात की, एक जनुक सदोष असले तरी दुसरे चांगले जनुक काम निभावून नेते. असे जनावर दिसायला धडधाकट असते, पण दोषाचे वाहक असते. दोन वाहकांची जोड लागली म्हणजे सरासरीने चारांत एक पिल्लू रोगी, दोन वाहक आणि एक पूर्ण निर्दोष निघते. परक्या घराण्यांतील दोन कुत्र्यांत तोच दोष असण्याचा संभव कमी असतो. पण सख्ख्या भावंडांना तो एकाच आईबापाकडून आलेला असू शकतो.

हा धोका मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एक गुणांक वापरतात. आईबाप मूळचे एकमेकांच्या नात्यातले नाहीत असे धरले, तर सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीच्या पिल्लांत तो २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या जोडीत १२.५ टक्के आणि चुलत वा मावस भावंडांच्या जोडीत ६.२५ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या जोड्या लागत गेल्या की हा आकडा चक्रवाढीसारखा साचत जातो. मग पिल्ले कमी होतात, जगण्याचे प्रमाण घटते, रोगाला तोंड देण्याची ताकद उणावते.

एकच नामांकित कुत्रा साऱ्या तालुक्यातील कुत्र्यांना लावला, तरी परिणाम तोच. आज ती सर्व पिल्ले वेगवेगळ्या घरची दिसतात. उद्या ती सारी सावत्र भावंडे असतात.

विलायतेत हा धडा महागात पडला. तेथील केनेल क्लब १८७३ साली निघाला आणि जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळी काटेकोर लिहिल्या गेल्या. परंतु रूपाच्या स्पर्धेपायी बुलडॉगचे डोके इतके मोठे व तोंड इतके चपटे झाले की, आज बहुतेक बुलडॉग माद्यांची प्रसूती शस्त्रक्रियेने करावी लागते. २००८ साली याविरुद्ध मोठा गदारोळ झाल्यावर पुढच्या वर्षी त्या क्लबने सख्खी भावंडे व आईबाप-अपत्य यांच्या जोडीतील पिल्लांची नोंदणी बंद केली. केवळ कागद असून भागत नाही, तो वाचून वागावे लागते, असाच याचा अर्थ.

मुधोळची पुंजी

मुधोळचा कुत्रा या बाबतीत सुदैवी. तो रूपासाठी नव्हे, धावण्यासाठी निवडला गेला. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि दूरवरचे हेरणारी नजर ही त्याची लक्षणे. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि बादशहा पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, असे सांगतात. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. २०१६ साली काही पिल्ले लष्कराच्या मेरठ केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही आहे.

पण कीर्ती वाढली की मागणी वाढते आणि मागणी वाढली की घाई होते. हाच खरा धोका आहे. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर, जातीचे आरोग्य हे भांडवल आणि पिल्ले हे उत्पन्न. भांडवल मोडून खाल्ले तर पहिल्या वर्षी नफा फुगलेला दिसतो, पण पेढी बुडते.

नावे बाजूला काय लिहावे?

प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ साली श्वानपैदाशीचे नियम झाले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वी वा आठ वर्षांनंतर फळवू नये, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे त्यांत आहे.

याखेरीज जोड लावण्यापूर्वी दोन्ही जनावरांची पशुवैद्याकडून तपासणी हवी. ब्रुसेला या गर्भपात घडविणाऱ्या रोगाचीही चाचणी हवी. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्या काळात व नंतर दूध पाजताना आईला पोटभर सकस आहार हवा. पिल्लांना जंताचे औषध आणि लसी हव्यात. शेवटी, न विकलेल्या पिल्लाला सांभाळण्याची तयारी हवी. दुकानातला न खपलेला माल गोदामात ठेवता येतो, पिल्लू ठेवता येत नाही.

गिऱ्हाईकाचीही जबाबदारी आहेच. पिल्लू घेताना त्याची आई पाहावी, बाप कोण ते विचारावे, लसीचा दाखला मागावा. विकणारा आई दाखवायला तयार नसेल, तर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आपल्या घाईनेच त्याची घाई वाढते. आणि मुधोळला धावायला जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात केवळ शोभेसाठी त्याला बांधून ठेवणे बरे नव्हे.

सुट्टी संपण्यापूर्वी मामांनी आणि मी नवा हिशेब मांडला. चंद्रीसाठी जमखंडीकडच्या, तीन पिढ्यांत नाते नसलेल्या घराण्यातला कुत्रा पाहायचा, त्याच्या मालकाला एक पिल्लू द्यायचे, तपासणी आणि लसी करायच्या, नोंदणीचा अर्जही भरायचा. अठ्ठेचाळीस हजारांतले निम्म्याहून कमी उरले. मी जरा हिरमुसलो. मामा मात्र वही मिटवून म्हणाले, "आता हिशेब जुळला."

आता आमच्या घरी आणखी एक वही आहे. तीत रुपये नाहीत. चंद्रीची आई, बाप, आजी, आजोबा, जन्मतारखा आणि आजार एवढेच आहे. काही रकाने कोरे आहेत, कारण पूर्वी कुणी लिहून ठेवले नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा कुत्रा असेल, त्यांनी आजच अशी वही घालावी, ही विनंती. मराठीत लिहा वा कन्नडमध्ये, पण लिहा.