युद्धनौकेचा खर्च आणि काळ

रेवसहून भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या लाँचीतून माझगाव गोदीच्या उंच याऱ्या आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी पाहिल्या असतील. त्या याऱ्यांखाली ज्या युद्धनौका तयार होतात, त्यांस किती वर्षे लागतात व किती द्रव्य खर्च होते, आणि एका नौकेची दुसरीशी तुलना कशी करावी, याचा थोडा विचार आपण येथे करू.

नौका बांधण्याची विद्या या किनाऱ्यास नवीन नाही. इ. स. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या नौका कल्याण, भिवंडी व आमच्या पनवेल येथे बांधल्या जात असल्याचा उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांत आढळतो. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने इंग्रजी आरमारासाठी 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका बांधली. तिचे काम १८१६ साली सुरू झाले व १८१७ च्या ऑक्टोबरात ती पाण्यात उतरली. म्हणजे अवघे दीड वर्ष लागले. मग आजच्या नौकेस अधिक काळ का लागावा? कारण असे की, पूर्वीची नौका लाकूड, शिडे व तोफा यांची असे. आजच्या नौकेत यंत्रे, रडार, क्षेपणास्त्रे व शेकडो कोस लांबीच्या विजेच्या तारा असतात, आणि त्या सर्वांचा मेळ बसवून कसोटी घ्यावी लागते.

आता माझगाव येथे एकाच नमुन्यावर बांधलेल्या चार विनाशिका घेऊ. तळाचा कणा बसविल्यापासून आरमारात दाखल होईपर्यंतचा काळ असा:

विशाखापट्टणम : ऑक्टोबर २०१३ ते नोव्हेंबर २०२१ – ८ वर्षे १ महिना.
मुरगाव : जून २०१५ ते डिसेंबर २०२२ – ७ वर्षे ६ महिने.
इंफाळ : मे २०१७ ते डिसेंबर २०२३ – ६ वर्षे ७ महिने.
सुरत : नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२५ – ५ वर्षे २ महिने.

पहिलीपेक्षा चौथीस जवळजवळ तीन वर्षे कमी लागली. पहिल्या नौकेत ज्या अडचणी प्रथमच कळतात, त्या पुढच्या नौकेच्या वेळी ठाऊक असतात. शिवाय 'सुरत'च्या सांगाड्याचे भाग दोन निरनिराळ्या ठिकाणी बांधून माझगावास जोडण्यात आले. तथापि सरावलेला हात हेच गोदीचे खरे भांडवल होय. मध्ये काम खंडले, तर कारागीर पांगतात आणि नवा हात पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या चार नौकांचा करार जानेवारी २०११ मध्ये झाला. तेव्हापासून मोजल्यास 'विशाखापट्टणम'ला सुमारे ११ वर्षे लागली असे ठरते. उलट, 'सुरत' पाण्यात उतरल्यापासून (मे २०२२) आरमाराच्या स्वाधीन होईपर्यंत (डिसेंबर २०२४) ३१ महिनेच भरतात. तिन्ही आकडे खरे आहेत. परंतु एका देशाचे वर्ष करारापासून आणि दुसऱ्याचे पाण्यात उतरल्यापासून मोजून जो तुलना करील, तो स्वतःस व इतरांस फसवील.

खर्चाचेही तसेच. या चार विनाशिकांचा खर्च सुमारे ३५,८०० कोटी रुपये सांगितला जातो. म्हणजे एकीस ८,९५० कोटी. नौकेचे वजन ७,४०० टन धरता दर टनास सुमारे १ कोटी २१ लक्ष रुपये पडतात. २०२२ साली दाखल झालेली विमानवाहू 'विक्रांत' सुमारे २०,००० कोटींची व ४३,००० टनांची. तिचा दर टनाचा खर्च अर्ध्या कोटीहूनही कमी! मग 'विक्रांत' स्वस्त म्हणावी काय? नव्हे. पोलाद त्या मानाने स्वस्त असते; महाग असतात ती शस्त्रे व उपकरणे, आणि ती विनाशिकेत दाटीने भरलेली असतात. 'विक्रांत'चे खरे शस्त्र तिची विमाने. त्यांची किंमत वरील आकड्यात धरलेलीच नाही. म्हणून कोणताही आकडा ऐकला की दोन प्रश्न विचारावेत : केव्हापासून मोजले? आणि यात काय काय धरले?

मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने लोकसमुदायास शिकविले. जे द्रव्य नौकेत जाते, ते शेतकरी, कोळी व मजूर अशा सर्वांच्या करांतून येते; त्याच द्रव्यातून शाळा व दवाखानेही चालावयाचे असतात. किनाऱ्याचे रक्षण अवश्य व्हावे. परंतु त्याचा हिशोब समजून घेणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या तासास त्याचा आरंभ करावा.