गारव्याची मात्रा

मूल जन्मले की त्याला लगेच कोरड्या कपड्याने पुसतात आणि उबदार गुंडाळून आईच्या कुशीत देतात. यामागे शास्त्र आहे. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते आणि त्वचेखालचा चरबीचा थर पातळ असतो. त्यामुळे त्याच्या शरीरातील उष्णता झपाट्याने बाहेर जाते. असे असताना, काही बाळांच्या शरीराचे तापमान डॉक्टर मुद्दाम ३७ अंश सेल्सिअसवरून ३३ ते ३४ अंशांवर आणतात आणि सलग ७२ तास तेथेच ठेवतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. हा उपचार कशासाठी करतात आणि तो इतका मोजूनमापून का करावा लागतो, हे या लेखात पाहू.

प्रसूतीच्या वेळी कधी कधी नाळ दाबली जाते किंवा वार वेळेआधीच सुटते. अशा वेळी बाळाच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू पुरेसा मिळत नाही. प्राणवायूवाचून पेशींतील ऊर्जेचा साठा आटतो. डॉक्टरांनी बाळाचा श्वास सुरू केला की प्राणवायू पुन्हा मिळू लागतो आणि साठाही बराचसा भरून येतो. मग संकट टळले असे म्हणायचे का?

या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या एका साधनाने दिले. १९८० नंतरच्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑसमंड रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने अशा बाळांच्या मेंदूतील फॉस्फरसयुक्त संयुगे तपासली. पेशीची ऊर्जा याच संयुगांत साठवलेली असते. त्यांना असे आढळले, की जन्मानंतर लगेच हा साठा जवळजवळ नेहमीसारखा दिसतो. पण पुढल्या एक-दोन दिवसांत, प्राणवायू भरपूर मिळत असूनही, तो पुन्हा ढासळतो. म्हणजे आघात दोन टप्प्यांत होतो आणि त्या दोन टप्प्यांमध्ये काही तासांची उसंत असते. उपचाराची संधी ती हीच.

आता गारव्याचे काम पाहू. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर कमी होतो, हे तुम्ही शिकला आहात. मेंदूचे तापमान एक अंशाने उतरले की त्याची ऊर्जेची गरज सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. शिवाय पेशींचा नाश घडवून आणणाऱ्या क्रियांची साखळीही मंदावते. म्हणून हा उपचार जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. २००५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१३ पर्यंत झालेल्या ११ चाचण्यांतील सुमारे १,५०० बाळांची माहिती एकत्र केली, तेव्हा असे दिसले की सरासरी सात बाळांना हा उपचार दिला तर त्यांपैकी एकाचा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टळते.

थोडे गणित करू. बाळाचे वजन ३ किलोग्रॅम आणि शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरा. तापमान ३.५ अंशांनी उतरवायचे आहे.

काढून घ्यावयाची उष्णता = ३००० × ०.८३ × ३.५ = सुमारे ८,७०० कॅलरी.

एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे हिशेबाने अवघा ११० ग्रॅम बर्फ पुरे! तर मग बाळाला गार करणे कठीण नाही. त्याला नेमके तेवढेच गार ठेवणे कठीण आहे. बाळाचे शरीर सतत उष्णता निर्माण करत असते. उलट शून्य अंशाचा बर्फ त्वचेला इजा करतो आणि तापमान खाली घसरत राहिले, तर हृदयाचे ठोके फार मंदावतात व रक्त नीट गोठत नाही.

यावरचा एक उपाय तुमच्या प्रयोगशाळेत आहे. नॅप्थलीन तापवताना ते वितळू लागले की तापमापीतील पारा ८० अंशांवर थांबतो. सगळे नॅप्थलीन वितळेपर्यंत तो हलत नाही. दिलेली उष्णता सुप्त उष्णतेच्या रूपाने खर्च होते. ज्याचा द्रवणांक शरीराच्या तापमानाहून कमी, पण बर्फाइतका खाली नाही, असा पदार्थ भरून गादी केली, तर तो वितळत असताना बाळाची उष्णता शोषत राहतो आणि गादी स्वतः मात्र फारशी तापत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी अशा गाद्यांचा उपयोग केला आहे.

पण गोष्ट येथे संपत नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे स्वयंनियंत्रित यंत्रांनी तापमान काटेकोर राखले होते. तरीही गार केलेल्या बाळांपैकी शेकडा ४२ दगावली. न केलेल्यांपैकी शेकडा ३१. म्हणजे लाभ तर झाला नाहीच, उलट मृत्यू वाढले. या भागात पुष्कळ बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या बरीच आधी होत असावी आणि उसंतीचे तास जन्मापूर्वीच सरत असावेत, असा एक तर्क आहे. तो तपासला जात आहे.

तापमापी बरोबर होती, गणितही बरोबर होते. पण गणितात न धरलेली एखादी गोष्ट बाळाच्या शरीरात होती. म्हणून एका देशात सिद्ध झालेला उपचार दुसरीकडे पुन्हा पारखून घ्यावा लागतो. आणि एक लक्षात ठेवा: हा उपचार फक्त सुसज्ज रुग्णालयात, निवडक बाळांसाठी आहे. इतर सर्व नवजात बाळांना हवी असते ती ऊबच.

तुम्हीच सोडवा :

१. उपचारानंतर बाळाला ताशी ०.५ अंश या वेगाने पुन्हा ऊब देतात. ३३.५ पासून ३७ अंशांपर्यंत यायला किती तास लागतील?

२. वरील गादीत ८० अंशांना वितळणारे नॅप्थलीन भरले तर ते काम का करणार नाही?