लँथॅनम कार्बोनेट : सैल बंध आणि घट्ट बंध

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. कारण घरगुती आहे. लालबागला राहणाऱ्या माझ्या मामांची मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांचे डायलिसिस चालू आहे. जेवताना चावून खाण्याची एक गोळी त्यांना दिलेली आहे. ती ते कधी रात्री झोपताना घेत, कधी टाळत. एकदा म्हणाले, "अरे, तू कॉलेजात जातोस ना? मग सांग, हा खडू खाऊन काय होतं?" पाकिटावर नाव होते लँथॅनम कार्बोनेट. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा उत्तर शोधणे भाग होते.

लँथॅनम हे 'विरल मृत्तिका' गटातील मूलद्रव्य. स्वीडनच्या मोसांडर यांनी ते १८३९ मध्ये शोधले. 'दडून राहणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. आपल्या देशात ते केरळ, तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील वाळूत, मोनाझाइट या खनिजात दडलेले आहे. या वाळूवर काम करणारी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय आपल्या प्रभादेवीलाच आहे.

मोनाझाइट हे फॉस्फेट होय. लँथॅनम आणि फॉस्फेट यांचा बंध इतका घट्ट असतो की शुद्ध लँथॅनम फॉस्फेट वितळवण्यास सुमारे २००० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून हे खनिज फोडण्यासाठी ते दळून तीव्र कॉस्टिक सोड्यात सुमारे १४० अंशांवर शिजवावे लागते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

कार्बोनेटचे तसे नाही. कार्बोनेट आयन सपाट त्रिकोणासारखा असतो. मध्ये कार्बन आणि तीन कोपऱ्यांवर ऑक्सिजन. लँथॅनमचा आयन आकाराने मोठा, त्रिज्या सुमारे १.०३ अँगस्ट्रॉम. त्यामुळे स्फटिकात त्याच्याभोवती दहा ऑक्सिजन अणू बसतात. लँथॅनम व कार्बोनेट यांचे थर बनतात आणि दोन थरांमध्ये पाणी राहते. म्हणूनच हे स्फटिक अभ्रकासारखे पापुद्र्यांनी सुटतात. गटाच्या शेवटच्या ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या ०.८६ अँगस्ट्रॉमपर्यंत घटते. गटातील मधल्या मूलद्रव्यांची कार्बोनेटे दोन-तीन रेणूच पाणी धरतात, तर लँथॅनमचे आठ रेणू.

हे आठ रेणू पाणी असलेले १०० ग्रॅम कार्बोनेट तापवत गेल्यास प्रथम सुमारे २४ ग्रॅम पाणी निघून जाते. पुढे ४०० ते ५०० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडचे तीनपैकी दोन भाग सुटतात. उरलेला भाग ७०० अंशांच्या पुढे सुटतो. शेवटी सुमारे ५४ ग्रॅम ऑक्साइड शिल्लक राहते. चुनखडी भाजून चुना करतात, त्याच जातीची ही क्रिया. चुनखडी हेही कार्बोनेटच, तेव्हा मामांचा 'खडू' हा शब्द फारसा चुकलेला नव्हता.

पोटात मात्र भट्टीची गरज नसते. जठरातील आम्ल कार्बोनेट फोडते आणि कार्बन डायऑक्साइड वायुरूपाने निसटतो. वायू मोकळा झाल्याने एंट्रॉपी वाढते, आणि निसटलेला वायू परत येत नसल्याने क्रिया मागे फिरत नाही. सुटा झालेला लँथॅनम अन्नातील फॉस्फेटला पकडतो. हा बंध मोनाझाइटमधलाच. जठरातील आम्लाला तो तुटत नाही, आणि फॉस्फेट रक्तात न जाता मलावाटे बाहेर पडते. निकामी मूत्रपिंडांना ते काम जमत नाही आणि डायलिसिसनेही ते पुरेसे होत नाही. अमेरिकेत या औषधाला २००४ मध्ये मान्यता मिळाली.

यावरून गोळी जेवतानाच का घ्यायची, हे उघड होते. रिकाम्या पोटी लँथॅनमने पकडावे असे अन्नातले फॉस्फेट तिथे नसतेच. चावायची कशासाठी, तर ती बारीक होऊन अन्नात नीट मिसळावी म्हणून.

हे मी मामांना चुनखडीचा दाखला देऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मामींना म्हणाले, "ताट वाढशील तेव्हा गोळी शेजारीच ठेवत जा." ऊष्मागतिकी हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही. पण आमच्या घरात तिचा उपयोग झाला, एवढे मात्र खरे.