वेल्डरची सुती टोपी : घरच्या मशीनवर शिवू या



संत तुकाराम नगर आणि आसपासच्या वस्त्यांतून सकाळी डबा घेऊन भोसरी, चिखली, चाकणकडे निघणाऱ्यांत वेल्डिंग, गॅस कटिंग आणि फॅब्रिकेशनची कामे करणारे पुष्कळ आहेत. कोणी कायम आहे, कोणी ठेकेदाराकडे, कोणी चार माणसांच्या शेडमध्ये. संध्याकाळी यांचे शर्ट धुवायला घेतले की बारीक बारीक भोके दिसतात. शर्टाला भोक पडते ते आपल्याला दिसते. केसांत, कानामागे, मानेवर पडलेली ठिणगी मात्र घरी कोणी विचारत नाही आणि कामगारही सांगत नाही. या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही त्या डोक्याचा विचार करणार आहोत.

डोक्यावर काय आहे ते आधी पाहा

वेल्डिंगमध्ये डोक्याला दोन गोष्टींपासून त्रास होतो. एक म्हणजे वितळलेल्या धातूचे उडणारे थेंब. दुसरी म्हणजे आर्कमधून निघणारे अतिनील किरण. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण उघड्या मानेची आणि कानांची कातडी भर उन्हात भाजल्यासारखी लाल करतात. हातात धरायची काच फक्त तोंड झाकते. डोक्यावरचे हेल्मेटही पुढचीच बाजू झाकते; टाळू, कानामागचा भाग आणि मान उघडीच राहते. वर मान करून वेल्डिंग करताना थेंब सरळ डोक्यावर येतात. कानाच्या भोकात थेंब गेला तर कानाचा पडदा फाटू शकतो.

म्हणून बरेच जण डोक्याला काहीतरी बांधतात. हे 'काहीतरी' काय आहे, यावर सगळे अवलंबून आहे. थंडीत माकडटोपी घालतात. ती बहुतेक वेळा लोकरीची नसून ॲक्रिलिकची असते. कोणी बायकोचा जुना स्कार्फ गुंडाळतो, तो पॉलिस्टरचा असतो. जाहिरातीत फुकट मिळालेली टोपी असते. जयंतीच्या मिरवणुकीतली निळी टोपीही बऱ्याचदा पॉलिस्टरचीच असते आणि तिच्या छज्ज्यात प्लास्टिकचा पत्रा असतो. ती टोपी आपल्या मानाची आहे, ती मिरवणुकीतच घालावी, वेल्डिंगला नाही.

कारण साधे आहे. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक हे धागे ठिणगी लागली की वितळतात आणि गरम डांबरासारखे कातडीला चिकटतात. ठिणगीने झालेला लहान डाग मग खोल जखम होतो. सुती कापड वितळत नाही. जाड आणि घट्ट विणीचे सुती कापड थेंब अडवते, तो घरंगळून खाली पडतो.

पण सुती कापड आगीपासून पूर्ण वाचवते असे कोणी समजू नये. सूतही पेटते, कधी कधी आतल्या आत धुमसत राहते. म्हणून ही टोपी नेहमीच्या वेल्डिंगसाठी आहे. सतत डोक्यावरचे काम असेल तर चामड्याचे किंवा आग न धरणाऱ्या कापडाचे डोके-मान झाकणारे आवरणच लागते.

कापड कसे ओळखायचे

ड्रिल किंवा घट्ट विणीचे जीनचे कापड घ्या. पिंपरी कॅम्पातल्या कापडाच्या दुकानात 'शंभर टक्के सुती' असे स्पष्ट विचारून घ्या. जुन्या पँटचे कापड वापरायला हरकत नाही, मात्र ताणली जाणारी जीन नको. तिच्यात रबरासारखा धागा मिसळलेला असतो. फ्लॅनेलसारखे केसाळ कापडही नको, त्याचे बारीक तंतू झटकन पेटतात. अस्तराला धुतलेले मांजरपाट चांगले.

दुकानदार सांगतो त्यावर न थांबता घरी जाळून पाहा. कापडाच्या कडेचे पाच-सहा धागे ओढा, उभे आणि आडवे दोन्ही. घराबाहेर, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून पेटवा. शेजारी पाणी ठेवा, मुलांना लांब ठेवा.

• कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडणारी मऊ करडी राख झाली : सूत.
• धागा आक्रसला, काळा धूर आला आणि टोकाला कडक मणी झाला : पॉलिस्टर किंवा नायलॉन.
• राख झाली पण त्यात कडक कण लागले : मिश्र कापड. हेही नको.

हीच परीक्षा शिवायच्या दोऱ्याचीही घ्या. इथेच बहुतेकांचे चुकते. बाजारातली बरीचशी रिळे आता पॉलिस्टरची असतात. कापड सुती आणि दोरा पॉलिस्टरचा असेल तर ठिणगीने शिलाई वितळते आणि टोपी कळीकळीने उसवते. सुती रीळ मागून घ्या आणि बॉबिनमध्येही तोच दोरा भरा.

माप आणि कागदी साचा

कापड पाऊण मीटर पुरते. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, उन्हात वाळवा, इस्त्री करा. सूत पहिल्या धुण्यात आटते. न भिजवता शिवले तर टोपी आठवड्याभरात डोक्यात बसणार नाही.

भुवयांच्या वरून डोक्याभोवती टेप धरा. समजा घेर साडेएकवीस इंच आला. त्यात एक इंच सैलपणा मिळवा : साडेबावीस. सहा कळ्या आहेत म्हणून सहाने भागा : पावणेचार. दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी पाव-पाव इंच धरा : एका कळीची खालची रुंदी सव्वाचार इंच. आपल्या माणसाचे माप वेगळे असेल तर हाच हिशेब करा.

उंचीसाठी एका कानाच्या मध्यापासून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या मध्यापर्यंत टेप धरा. पंधरा इंच आले तर त्याचे निम्मे साडेसात. वर पाव इंच शिलाईचे मिळवून पावणेआठ.

आता वर्तमानपत्राचा कागद उभा दुमडा. दुमडीपासून बाहेर अशा खुणा करा. फॅब्रिकेशनवाल्या घरात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे सांगायला नको.

• तळाला : दोन इंच एक सूत.
• तळापासून दोन इंच वर : तेवढेच, दोन इंच एक सूत. इथपर्यंत रेघ सरळ.
• तळापासून पावणेपाच इंच वर : दीड इंच एक सूत.
• पावणेआठ इंचांवर : दुमडीवरच टोक.

वरच्या तीन खुणा बाहेर फुगलेल्या गोलाईने जोडा. सरळ रेघ मारली तर टोपी निमुळती होईल, डोक्यावर बसणार नाही. कागद कापून उघडा, कळी तयार. कळीची उंची कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवून बाहेरच्या सहा आणि अस्तराच्या सहा कापा. छज्ज्यासाठी जुन्या टोपीचा छज्जा कागदावर ठेवून आखा, भोवती पाव इंच जास्त ठेवा आणि चार तुकडे कापा. कडेच्या गोटासाठी दोन इंच रुंद आणि साडेतेवीस इंच लांब पट्टी कापा.

शिवणे

१. मशीनला सोळा नंबरची सुई लावा. तीन कळ्या एकमेकींना जोडा, उरलेल्या तीन जोडा. मग दोन्ही अर्धे भाग टाळूवरून एकाच शिलाईत जोडा. असे केले की सहाही टोके एका ठिकाणी मिळतात. टाळूवर भोक राहिले तर हाताने दोन टाके घाला. बटण लावू नका. धातूचे तापते, प्लास्टिकचे वितळते.

२. अस्तरही असेच शिवा. ते आत बसवताना अर्धी कळी फिरवून बसवा, म्हणजे अस्तराची शिलाई बाहेरच्या कळीच्या मध्यावर येईल. शिलाईवर शिलाई आली तर ठिणगीला तेवढीच कमजोर जागा मिळते. दोन्हींच्या उलट बाजू आत, एकमेकींकडे. कडेने कच्चा धावदोरा घाला.

३. छज्ज्याचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून लावा, वर उरलेले दोन ठेवा. बाहेरच्या गोलाईवर शिलाई मारा आणि उलटवा. पाव-पाव इंचावर गोल शिलाया मारा. या शिलायांनीच छज्जा ताठ होतो. आत पुठ्ठा नको, प्लास्टिक तर नकोच.

४. छज्ज्याची उघडी कड टोपीच्या बाहेरच्या कडेला जुळवून कच्ची लावा. गोटाची पट्टी टोके जोडून गोल करा, सुलट बाजू खाली ठेवून सगळ्या कडेवर शिवा. मग पट्टी आत वळवा, तिची कड दुमडून पक्की शिलाई मारा. दुमड नेहमी आतल्या बाजूला. बाहेर दुमड किंवा खिसा राहिला तर ठिणगी तिथे अडकून धुमसते. इलॅस्टिक आणि चिकटपट्टी लावू नका. माप नीट घेतले असेल तर त्यांची गरज नाही.

मान जास्त भाजत असेल तर दुसऱ्या टोपीला छज्ज्याऐवजी मागे सहा इंचांचा सुती पडदा लावा. तो कॉलरच्या आत खोचू नका, बाहेर सोडा, म्हणजे ठिणगी पाठीत न जाता बाहेर पडेल.

वापरताना

हेल्मेटखाली टोपी घालताना छज्जा मागे फिरवा, मान झाकली जाते. ठिणग्या एका बाजूने येत असतील तर छज्जा त्या कानावर आणा. लांब केस आत बांधा. ज्या मुली आयटीआयमधून या कामात येत आहेत त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कामावर जाताना डोक्याला तेल लावू नका; तेल टोपीत मुरते आणि तेलकट सूत लवकर पेटते. ग्रीसचे डाग रॉकेलने काढून तशीच टोपी घालणे म्हणजे डोक्यावर वात ठेवणे.

एक सवय ताबडतोब सोडायला हवी. गॅस कटिंगवाले कधी कधी अंगावरची धूळ ऑक्सिजनच्या नळीने झटकतात. कपड्यात ऑक्सिजन साठतो आणि एका ठिणगीने पूर्ण कपडा भडकतो. ही चूक जिवावर बेतते.

दोन टोप्या ठेवा, एक अंगावर आणि एक धुण्यात. साबणाने धुवा, ब्लीच आणि कपडे मऊ करणारे औषध नको. विण विरळ झाली, भोके पडली किंवा तेलाचा डाग निघेना झाला की टोपी टाकून द्या.

टोपी काय करत नाही

टोपी डोळे वाचवत नाही, त्यासाठी योग्य नंबरची काळी काच हवी. शेजारी पकडून उभ्या असलेल्या हेल्परलाही हवी. आर्क लागला की त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या, दूध किंवा दुकानातून आणलेले बधिर करणारे थेंब घालू नका. डोळे चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

टोपी धूरही अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. डोके धुराच्या लोटात वाकवू नका, वाऱ्याची दिशा पाहून बसा, शेडमध्ये धूर बाहेर ओढणारा पंखा मागा.

भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका. वितळून चिकटलेले कापड ओढू नका. डोके, चेहरा, कान, डोळे भाजले तर जखम लहान दिसली तरी दवाखाना गाठा. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय संत तुकाराम नगरातच आहे. ज्यांचा विमा कापला जातो त्यांना चिंचवडच्या मोहननगरात कर्मचारी राज्य विम्याचे रुग्णालय आहे. कामावर झालेल्या इजेचे हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतात. म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या.

टोपी आपली, जबाबदारी मालकाची

आपण घरी टोपी शिवली म्हणून मालक मोकळा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच काळातली. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३५ ने उडणाऱ्या कणांपासून आणि तीव्र प्रकाशापासून डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षेसाठी पुरवलेल्या गोष्टींचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत असे आहे. काळी काच, हातमोजे, चामड्याचा एप्रन हे एकट्याने मागितले तर 'उद्यापासून येऊ नकोस' असे ऐकावे लागते, हे आम्ही जाणतो. म्हणून एका शेडमधल्या सगळ्यांनी मिळून मागावे आणि शक्य तिथे लेखी मागावे.

तोपर्यंत डोके उघडे ठेवायचे कारण नाही. वस्तीत मशीन असलेल्या आयाबहिणी आहेत, बचत गट आहेत. एका रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात सगळ्यांनी आपापले कापड आणि रीळ घेऊन जमावे, आधी धागे जाळून पाहावेत आणि मग एकाच साच्यावरून कळ्या कापाव्यात. सोमवारी कामावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यासोबत एक टोपी असावी.