कॉलेजने क्लासरूम बदललं. आमच्या जुन्या असाइनमेंट्सचं काय?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात या सत्रापासून गूगल क्लासरूम बंद करून मूडल सुरू केलं आहे. दोन वर्षांच्या नोट्स, असाइनमेंट्स आणि सरांनी दिलेले शेरे जुन्या क्लासरूममध्येच राहिले. सगळं सुरळीत चालू असताना कॉलेजं असा बदल का करतात? आणि आमचं जुनं काम परत मिळेल का?
– बी.कॉम. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला घाई आहे, म्हणून आधी त्याचं बघू.

जुनं काम आपोआप नव्या ठिकाणी येत नाही. एका मूडलमधून दुसऱ्या मूडलमध्ये अख्खा कोर्स बॅकअप फाइल करून हलवता येतो. पण क्लासरूम आणि मूडल या दोन वेगळ्या घडणीच्या प्रणाली आहेत. शिक्षकांच्या पीडीएफ, स्लाइड्स, व्हिडिओच्या लिंका पुन्हा चढवता येतात; पण तुमचं सबमिशन, त्यावरचे गुण आणि समासातले शेरे सहसा मागेच राहतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचे ते शेरेच. नोट्स मैत्रिणीकडूनही मिळतील, पण ताळेबंद मांडताना तुम्ही कुठे चुकलात हे सरांनी फक्त तुमच्याच वहीवर लिहिलेलं असतं.

यात एक बारकावा आहे आणि तो फार कमी मुलांना माहीत असतो. क्लासरूममध्ये गूगल डॉक जोडून तुम्ही ‘टर्न इन’ दाबता, तेव्हा त्या फाइलची मालकी शिक्षकांच्या खात्याकडे जाते. तुम्हाला ती नुसती वाचता येते. शिक्षकांनी तपासून ‘रिटर्न’ केलं की ती पुन्हा तुमची होते. आता विचार करा, तासिका तत्त्वावरच्या मॅडम दुसऱ्या कॉलेजात गेल्या, त्यांनी तुमची असाइनमेंट परत केलीच नव्हती आणि कॉलेजने त्यांचं खातं बंद केलं. त्या खात्याबरोबर फाइलही जाऊ शकते. म्हणून आजच जुनं क्लासरूम उघडा, परत न आलेली प्रत्येक असाइनमेंट शोधा आणि त्या त्या शिक्षकांना ती परत करायला सांगा. मग कॉलेजच्या खात्यातला मजकूर स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या. गूगलच्या ‘टेकआउट’मध्ये त्याची सोय आहे, पण ती कॉलेजच्या अ‍ॅडमिनने चालू ठेवलेली असावी लागते. बंद असेल तर एकेक फाइल डाउनलोड करा आणि शेऱ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. काम कंटाळवाणं आहे, तरी कराच.

आता पहिला प्रश्न. बदलाला कारणं असतात आणि ती सगळीच वाईट नसतात. गूगल एके काळी शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देत असे. जुलै २०२२ पासून फुकट योजनेत एका संस्थेला सगळी मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. टाळेबंदीतल्या लेक्चरांची रेकॉर्डिंग्ज साठवून ठेवलेल्या मोठ्या संस्थांना ही जागा अपुरी पडू लागली. दुसरं कारण परीक्षेचं. मूडलमध्ये प्रश्नपेढी असते, प्रत्येकाला त्यातून वेगवेगळे प्रश्न देता येतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण हव्या त्या वाट्याने जोडता येतात. हे क्लासरूमला तितकं जमत नाही.

मूडलची पहिली अधिकृत आवृत्ती २००२ साली आली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डुगियामास हे त्याचे कर्ते. त्यांचं बालपण वाळवंटी भागात गेलं आणि त्यांची शाळा रेडिओवरून भरत असे. दूर बसून शिकणाऱ्या मुलाची अडचण ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून हे घडलं, याचं मला अप्रूप वाटतं. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण सर्व्हर, बॅकअप आणि देखभालीचा माणूस फुकट मिळत नाही. आठवड्याचे सगळे तास घेणाऱ्या संगणकाच्या सरांवरच हा भार टाकला, तर ऐन परीक्षेत सर्व्हर बसल्यावर धावून जायला कोणी नसतं.

नव्या ठिकाणी दोन गोष्टी सांभाळा. फाइल चढवून ‘सेव्ह चेंजेस’ दाबलं म्हणजे असाइनमेंट पोचलीच, असं धरू नका. अनेक ठिकाणी ती तेव्हा फक्त ‘ड्राफ्ट’ असते. पुढे ‘सबमिट असाइनमेंट’ हे बटण वेगळं दाबावं लागतं. स्थिती वाचल्याशिवाय पान बंद करू नका. दुसरं, गावाकडे रेंज नसेल तर मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडे आधी उतरवून ठेवता येतात. कॉलेजने अ‍ॅपची परवानगी दिली आहे का, ते विचारा.

आणि एक गोष्ट कॉलेजकडे मागायलाच हवी. जुनं क्लासरूम किमान एक पूर्ण सत्र उघडं राहिलं पाहिजे, आणि ते बंद होण्याची तारीख सूचनाफलकावर लागली पाहिजे. वर्ग प्रतिनिधीमार्फत सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.