देवाला आधीच ठाऊक असेल, तर दोष कुणाचा?



घरभेटीला गेल्यावर, मयताच्या घरी, कधी पापनिवेदनातही आम्हा धर्मगुरूंच्या कानी एक वाक्य वारंवार येते : "फादर, नशिबातच तसे होते." तरुण मुले तेच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. यहूदा विश्वासघात करणार हे देवाला आधीच माहीत होते, मग यहूदाला दुसरा मार्ग होता कुठे? सारे काही आधीच ठरलेले आहे, या मताला तत्त्वज्ञानात नियतिवाद म्हणतात.

सहाव्या शतकात बोएथियस हा रोमन विद्वान राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. मृत्युदंड समोर दिसत असताना त्याने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पाचव्या भागात हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे : देव काळाच्या बाहेर आहे, आपला काल, आज आणि उद्या त्याच्यापुढे एकाच वेळी उभे असतात. तो पाहतो, पण पाहणे म्हणजे घडवणे नव्हे. मिस्साला उशिरा येणारा माणूस आम्हाला वेदीवरून दिसतो, पण आम्ही पाहिले म्हणून त्याला उशीर होत नाही. (उदाहरण सहज सुचले, कुणी मनावर घेऊ नये.)

खरी अडचण पुढेच आहे. देव नुसता पाहत नाही, कृपाही देतो. कृपेशिवाय आपल्या हातून तारणाचे काही घडत नाही, मग 'हो' म्हणणारे आपण की कृपा? कृपेला माणूस होकार देतो आणि तिला नाकारूही शकतो, असे ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ साली सांगितले. पण हे घडते कसे? स्पेनचे येशूसंघीय मोलिना यांनी १५८८ साली लिस्बनला ग्रंथ छापून मत मांडले की, कोणत्या परिस्थितीत कोण काय निवडील हे देव जाणतो आणि त्यानुसार कृपा देतो. डॉमिनिकन धर्मगुरू बान्येझ यांना हे मान्य नव्हते. देवाची कृपा स्वतःच परिणामकारक असते, ती इच्छेला हलवते, पण स्वतंत्रपणेच हलवते, असे त्यांचे म्हणणे. वाद रोमला गेला. पोप आठवे क्लेमेंट निर्णय न देताच १६०५ साली वारले. पोप पाचवे पॉल यांनी १६०७ साली दोन्ही संघांना आपापले मत शिकवण्याची मुभा दिली आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका, अशी ताकीद दिली. अंतिम निर्णय योग्य वेळी देऊ म्हणाले. तो आजतागायत आलेला नाही. आम्हाला यात ख्रिस्तसभेचा कमकुवतपणा दिसत नाही. कृपा आणि स्वातंत्र्य दोन्ही खरी, एवढे तिने घट्ट धरले.

आजचा नियतिवादी देवाचे नाव घेत नाही. तो मेंदू, जनुके, सवयी यांच्याकडे बोट दाखवतो. त्यात तथ्य आहेच. कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (कलम १७३५) अज्ञान, भीती, सवय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, क्वचित नाहीशीही होते, असे सांगितले आहे. वीस वर्षे दारू पिणाऱ्याला गुत्त्याच्या दारात उभे असताना फारसे स्वातंत्र्य उरलेले नसते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरीच मुळी 'दारूपुढे आम्ही हतबल आहोत' हे मान्य करण्याची आहे. पण सभेला जायचे की नाही, हे त्याच माणसाला सकाळी शुद्धीवर असताना ठरवता येते. म्हणून आम्ही अशा माणसाला "का प्यालास?" एवढेच विचारत नाही. संध्याकाळी कोणत्या रस्त्याने घरी येतोस, पगाराचे पैसे कुणाच्या हाती देतोस, हेही विचारतो.